कोनं सांगतलं?

बुलढाणा जिल्ह्यात गावांच्या नावापुढेच राजा लागतो. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा. जिथे गावंच राजे, तिथल्या माणसाने आपल्या वंशावळीत एखादा राजा हुडकून काढला तर त्याला नावं ठेवायची सोय नाही. पण या वंशावळी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एक चमत्कार दिसतो. बाप शेतकरी, आजा मोठा शेतकरी, पणजा पाटील, खापरपणजा देशमुख, त्याच्या वर सरदार, आणि कागद संपत आला की थेट देवगिरीचे यादव. जितकं मागे जावं तितके जमिनीचे एकर वाढतात, दारातली घोडी वाढतात, वाड्याचा एक चौक होता तिथे चार होतात. सातव्या पिढीला सालदार निघाला, अशी वंशावळ कोणी भिंतीवर लावलेली नाही. मग चारशे वर्षांपूर्वी या मुलखात औत हाकत होतं कोण, हा प्रश्न अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने हाती घ्यावा असा आहे.

यात कोणी मुद्दाम खोटं बोलतं असं नाही. बुढ्यानं सांगितलं, बापानं ऐकलं, चुलत्यानं वहीत उतरवलं, पुतण्यानं संगणकावर टंकलं आणि जावयानं त्याला सोनेरी किनार लावून छापलं. प्रत्येकाने प्रामाणिकपणे थोडी थोडी भर घातली आणि प्रत्येकाने एकच गोष्ट गाळली, ती म्हणजे आधीच्याचं नाव. शेवटी हाती येतो तो फ्लेक्ससारखा चकचकीत कागद. त्यावर नव्वद नावं असतात, आणि त्यातलं एकही नाव कुठून आलं ते लिहिलेलं नसतं. अशी वंशावळ खोटी असेलच असं नाही, पण ती दुरुस्त करता येत नाही, हा तिचा खरा दोष. एखादं नाव चुकलंय असं उद्या कळलं, तर ती चूक बुढ्याच्या आठवणीतली, चुलत्याच्या अक्षरातली की जावयाच्या छापखान्यातली, हे शोधायला वाटच उरत नाही. मग दोन पर्याय राहतात: सगळं खरं मानायचं, नाहीतर सगळंच सोडून द्यायचं. भावकी अर्थातच तिसरा पर्याय निवडते. भांडते.

उगम माहीत असला की काय करता येतं, ते पाहायला जिल्ह्याबाहेर जायला नको. सिंदखेडला लखुजीराव जाधवांच्या वाड्यात रंग खेळताना मालोजीराजांचा मुलगा आणि लखुजीरावांची मुलगी यांनी एकमेकांवर रंग उधळला, लखुजीराव थट्टेने जोडा छान दिसतो म्हणाले, आणि मालोजीराजांनी भर बैठकीत तो शब्द धरून ठेवला, ही गोष्ट इकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला त्यातही ती आहे. त्याने साल दिलं 1599 आणि मुलांची वयंही दिली: शहाजीराजे पाचेक वर्षांचे, जिजाऊ तीन-चार वर्षांच्या. दुसरीकडे, दरवर्षी 12 जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्मोत्सव होतो, तेव्हा जन्माचं साल सांगतात 1598. आता बोटं मोजावीत. 1599 च्या होळीला जिजाऊंचं वय होतं चौदा महिने. चौदा महिन्यांच्या लेकराच्या मुठीत गुलाल दिला तर तो समोरच्यावर न पडता कुठे जातो, हे कोणतीही आई सांगेल. जन्माचं साल, होळीचं साल आणि मुलीचं वय, तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, एक तरी सोडावंच लागेल. आणि ही मोजदाद आपल्याला करता आली ती एवढ्याचसाठी, की साल आणि वय कोणी सांगितलं ते ठाऊक आहे. डफसाहेब कोण, त्याने कोणत्या काळात लिहिलं, ही गोष्ट सांगणाऱ्या बखरी घटनेनंतर किती पिढ्यांनी लिहिल्या गेल्या, हे सगळं तपासता येतं. त्यामुळे गोष्ट गोडच राहते आणि तारखेवर शंकाही घेता येते. घरच्या वंशावळीत शंका घेतली की आधी चहा बंद होतो.

यावर हमखास उत्तर येतं: आमचं तर गॅझेटियरमध्ये आहे. गॅझेटियर हे आपल्याकडचं ब्रह्मास्त्र. ते एकदा सोडलं की समोरच्याने हात जोडायचे. बुलढाणा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर 1910 साली निघालं, नेल्सन नावाच्या साहेबाच्या संपादनाखाली. आता साहेब काही गावोगाव पिंपळाच्या पारावर मुक्कामाला नव्हता. दंतकथांची माहिती अशा ग्रंथांत येते ती तहसीलच्या अंमलदारांमार्फत, आणि अंमलदाराला ती कोण देणार? गावचा पाटील, देशपांडे, देवळाचा पुजारी. म्हणजे पणजोबांनी जे पारावर सांगितलं ते साहेबाने इंग्रजीत घेतलं, आणि शंभर वर्षांनी पणतू तेच इंग्रजी पान पुढे करून म्हणतो, बघा, पणजोबा म्हणत होते ते खरंच होतं, साहेबानेसुद्धा लिहिलंय. गॅझेटियरवाले लोक तसे सावध. दंतकथा देताना ते बहुधा ‘असं सांगतात’ म्हणून मोकळे होतात. परतीच्या प्रवासात ते ‘असं सांगतात’ नेमकं गळतं. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे जाड पुस्तकाचं नाव सांगणं. बुलढाण्याच्या यादव माधव काळ्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ 1924 चा. ‘काळ्यांच्या इतिहासात आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पान कोणतं विचारलं की मात्र ते पुस्तक कोणीतरी वाचायला नेलेलं असतं.

एकच गोष्ट चार तोंडांनी ऐकली की आपण तिला चार साक्षीदार समजतो, हे त्याहून मोठं दुखणं. मोठ्या आत्याने सांगितलं, नांदुऱ्याच्या काकांच्या वहीत निघालं, मेहकरच्या शाखेने छापलेल्या पुस्तिकेत आलं, आणि मोबाइलवर तर येऊन गेलंच. चारही ठिकाणी जुळतं म्हणजे खरंच असणार! पण पुस्तिकेवाल्याने काकांच्या वहीवरून घेतलं, काकांनी आत्याला विचारून लिहिलं आणि मोबाइलवर पुस्तिकेचाच फोटो फिरला, हे कोणी लिहूनच ठेवलेलं नाही. साक्षीदार एकच, आणि तो सासरी गेलेल्या आत्याने वयाच्या सहाव्या वर्षी ऐकलेल्या गोष्टीचा. प्रत्येकाने ‘अमक्याकडून घेतलं’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर हे चार आवाज म्हणजे एकाच आवाजाचे पडसाद, हे लगेच उघडं पडलं असतं. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढले, त्यांत मूळ कागदालाच मान दिला आणि बखरीच्या गोष्टीला सरळ चौकशीला उभं केलं. शिवजन्माच्या तिथीचा वाद अनेक वर्षं चालला, पण तोही पुढे सरकू शकला तो कागदांमुळे. जेधे घराण्याकडची शकावली टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली, तीत शके 1551 फाल्गुन वद्य तृतीया निघाली, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. ती कोणाच्या घरातली, कोणाच्या हाती आली, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिला मानणाऱ्यांना आणि न मानणाऱ्यांना भांडायला निदान जागा एकच होती. पुढे राज्य सरकारनेही हीच तारीख धरली.

आता कोणी म्हणेल, राजेरजवाड्यांचं ठीक आहे, आमच्या बुढ्याची जन्मतारीख काढून कोणाला काय करायचंय? करायचंय. आणि ती काढताना या जिल्ह्यात पाय ठेवायच्या जागी खड्डे आहेत. खामगाव आणि जळगाव हे तालुके 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्याआधीच्या कागदावर ‘खामगाव, जिल्हा अकोला’ असं असतं. हा कागद बघून एखादा हौशी नातू घराण्याचं मूळ अकोल्यात नेऊन ठेवतो आणि ते अकोला का सोडलं याची एक करुण कहाणीही रचतो: भाऊबंदकी, विहिरीचा वाद, रातोरात गाडी जुंपली. बुढा बिचारा खामगावातून हललाच नव्हता, जिल्हा हलला. त्याच ओसरीवर बसून त्याच्या घरच्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाड पाहिला, मध्यप्रदेश पाहिला, 1956 चं द्विभाषिक मुंबई राज्य पाहिलं आणि 1960 ला महाराष्ट्रही पाहिला. पलीकडे देऊळगाव राजा ओलांडलं की जालना, म्हणजे 1948 पर्यंत निजामाचा मुलूख. सोयरिक दोन्हीकडे. तिकडचे कागद उर्दूत आणि साल फसली. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, हे ज्याला माहीत नाही तो 1309 साल वाचून आपलं घराणं यादवांच्या काळात नेऊन पोचवतो, आणि मग देवगिरीचा पुरावाच सापडल्याचा पेढा वाटतो.

सगळ्यांत गोड खड्डा छप्पनचा. 1899-1900 चा मोठा दुष्काळ विक्रम संवत 1956 मधला, म्हणून लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. म्हातारी सांगते, सासरे छप्पनच्या काळात झाले. नातू बिनदिक्कत 1956 लिहितो. झालं, सासरा सुनेच्या लग्नानंतर जन्माला आला! ‘आजी, दिवाळीत, छप्पनचा दुष्काळ म्हणाली’ एवढं त्याने तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं असतं, तर पुढे कोणी शहाण्याने ते क्षणात ओळखलं असतं. पण त्याने आजीचं वाक्य फेकून दिलं आणि स्वतःचा आकडा ठेवला. मूळ शब्द जसेच्या तसे लिहिण्याचा फायदा हाच, की आपलं अज्ञान त्यात मिसळत नाही. तसंच मानमोडीचं. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ, हे आज कितीजणांना सांगता येईल?

दुसरा आक्षेप जास्त दणकट आहे: तोंडी गोष्टी सोडा, आम्ही सरकारी कागदच लावतो. उत्तम. पण सरकारी कागद नीट वाचून तरी पाहावा. विदर्भातल्या गावांत कोतवाल बुक नावाची जन्ममृत्यूची नोंद असे. त्यातली एखादी ओळ जवळून पाहावी: तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. मुलाचं नाव नाही, कारण कोतवाल सांगायला गेला तेव्हा बारसं व्हायचं होतं. आता समजा संपत वल्द तुकाराम याला चार मुलगे. चार मुलगे म्हणजे चार घरं, आणि ‘मुलगा’ ही एक नोंद. चौघांच्याही नातवंडांनी तिची नक्कल काढलेली असते आणि चौघांच्याही मते तो मुलगा म्हणजे आपलाच आजोबा. नक्कल खरी, शिक्का खरा, सही खरी, चौघेही मनाने खरे. कागद काय म्हणतो आणि आपण त्यावरून काय ठरवलं, हे दोन वेगळ्या ओळींत लिहिलं असतं तर चौघांना एका टेबलावर बसवता आलं असतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचं तर काय सांगावं. त्यातल्या अर्ध्या गावाचा जन्म 1 जून किंवा 1 जुलैला झालेला. डोक्यावरून हात नेऊन कानाला पोचला की पोरगा सहा वर्षांचा, हे गुरुजींचं शास्त्र, आणि तारीख गुरुजींच्या सोयीची. ती चूकच म्हणायची तर सरकारने त्याच तारखेवर नोकरी दिली, त्याच तारखेला निवृत्त केलं आणि पेन्शनही दिलं. म्हणून वंशावळीत ‘जन्म 1 जुलै’ असं लिहिण्याऐवजी ‘शाळेच्या रजिस्टरप्रमाणे 1 जुलै’ लिहावं. दोन शब्द जास्त, पण त्या दोन शब्दांत गुरुजीही येतात.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं हौशी लोकांचं खूळ आहे, त्यांनी जात पडताळणीच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून पाहावं. ज्या माणसाने वडिलांना कधी आजोबांचं पूर्ण नाव विचारलं नाही, तो तिथे खापरपणजोबांच्या शोधात घामाघूम असतो. कायद्याने दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. इतर मागासवर्गात दावा असेल तर पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या माधुरी पाटील निकालानंतर स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाचं वजन आणखी वाढलं, आणि वंशावळ तर प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. म्हणजे भिंतीवरच्या सोनेरी किनारीखाली जे बिनधास्त खपतं, ते इथे शपथेवर सांगायचं. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला अचानक जो भाव आला तो त्याच्या वडिलांच्या हयातीत कधी आला नसेल. या गर्दीत एक प्रसंग नेहमीचा. चुलत भावाला वैधता प्रमाणपत्र मिळालेलं असतं. रक्ताच्या नात्यातल्याचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं, म्हणून बाकीची भावकी त्याच्या घरी पोचते. कागद कुठून काढला? ‘तहसीलमधून.’ कोणत्या? ‘चिखली... का मेहकर?’ कोणत्या सालचं बुक, कोणतं पान? ‘ते एजंटला माहीत.’ एजंट? ‘वारला.’ नक्कलेच्या पाठीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या असत्या तर चौदा माणसांचे हेलपाटे वाचले असते, आणि एजंटाच्या मुलाचा धंदा बसला असता.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. घरातल्या म्हातारीसमोर वही उघडून ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं’ म्हणून विचारणं म्हणजे तिचा अपमान, अविश्वास. वऱ्हाडात तर ‘कोनं सांगतलं?’ हा प्रश्न भांडणाच्या सुरुवातीलाच येतो, हेही खरं. पण वस्तुस्थिती उलटी आहे. उगम न लिहिणाऱ्या वंशावळीत म्हातारीचं नाव राहतच नाही. तिने पन्नास नावं सांगितलेली असतात आणि पहिल्या पानावर फोटो असतो संकलकाचा, टोपीसह. ‘मोठी आई, वय ऐंशीच्या पुढे, दिवाळी 2019, चष्म्याविना, अधूनमधून ओव्या’ असं पानाखाली लिहिणं हा तिच्यावरचा अविश्वास कसा? तेवढाच तिचा मान. शिवाय बायकांचा हिशेब इथे वेगळा मांडावा लागतो. आपल्या बहुतेक वंशावळी एका पुरुषाच्या पोटातून दुसरा पुरुष काढतात, मध्ये आई नावाची व्यक्ती लागत नाही. लेकी तर चौथ्या ओळीतच गडप. लग्नात नाव बदललं की माहेरची एक आणि सासरची एक अशा दोन बायका तयार होतात. खुद्द जिजाऊंच्या मातोश्रींचं नाव कुठे म्हाळसाबाई, कुठे गिरिजाबाई सांगतात. त्या राजघराण्यातल्या, म्हणून दोन्ही नावं टिकली. साध्या घरात एक नाव पुसून दुसरं ठेवतात आणि पुसणाऱ्याला वाटतं आपण चूक सुधारली. दोन्ही नावं, दोन्ही सांगणारे, शेजारी शेजारी ठेवायला काही अडत नाही. जागा फुकट असते.

आणि उगम सापडतच नसेल तर? तर ती जागा रिकामी ठेवावी, एवढं धैर्य हवं. शेगावचे गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 ला प्रथम दिसले, इतकी नेमकी तारीख भक्तांजवळ आहे. पण त्याआधीचं गाव, आईबाप, कुळ? दासगणू महाराजांनी 1939 साली ‘श्रीगजानन विजय’ लिहिला तेव्हा याचा ठाव लागत नाही हे सरळ मान्य केलं आणि पुढे गेले. एखादा सुरेख जन्माध्याय रचायला त्यांची लेखणी कमी पडली असती असं नाही. आपल्या वंशावळवाल्याला मात्र रिकामा चौकोन बघवत नाही. तो तिथे एखादा ‘राणोजी’ बसवतो. घोड्यावर.

खरं म्हणजे उगम लिहून ठेवण्याची शिस्त आपल्याला कोणी परदेशातून आणून द्यायला नको. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी काय वेगळं करतात? कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, सोबत कोण आलं, कोणत्या निमित्ताने, तिथी कोणती, आणि खाली येणाऱ्याची स्वतःची सही किंवा अंगठा. सांगणारा, सांगितल्याचा दिवस आणि सांगण्याचं कारण, तिन्ही एका पानावर. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचे अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने गेल्या शतकात मायक्रोफिल्म काढले. इतक्या लांबून लोक आले ते आपल्याला फ्लेक्स छापता येतो म्हणून नव्हे. मोताळ्याचा माणूस अस्थी घेऊन त्र्यंबकला पोचतो, उपाध्ये नेमकं बाड काढतात, धूळ झटकतात, आजोबांची वेडीवाकडी सही दाखवतात आणि त्याखाली याची घेतात. दक्षिणेवरून घासाघीस तिथेही होते, पण शेवटी किती ठरली, एवढी एकच नोंद दोन्ही बाजूंना नको असते.